ढिगाऱ्यावर झाड, मुळात बुरशी

रामटेकला जाताना मनसरजवळ मँगनीजच्या खाणीचे ढिगारे दिसतात. पावसाळा आला की अशा उघड्या जागांची आठवण होते. खड्डा, रोप, फोटो. 2019 मध्ये तर राज्यात 33 कोटी झाडांचा संकल्प होता. ढिगाऱ्यावरचं रोप उन्हाळ्यात वाळलं की सगळा दोष उन्हाला. नागपूरचं ऊन कुणालाही पुरून उरतं, हे खरंच. पण रोप त्याआधीच उपाशी असतं.

खाणीतून वर आलेला दगड-मुरूम म्हणजे माती नव्हे. त्यात सेंद्रिय अंश आणि नत्र (नायट्रोजन) नावालाच, जिवाणू-बुरशीही जवळपास नाहीत. यातली बुरशीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

नत्र पाण्याबरोबर वाहत मुळापर्यंत येतं. स्फुरद (फॉस्फरस) तसं येत नाही; ते लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियमला चिकटून बसतं. मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधलं स्फुरद संपवतं आणि मग हात चोळत बसतं. तिथे मायकोरायझा, म्हणजे मुळांशी भागीदारी करणारी बुरशी, कामाला येते. तिचे धागे केसापेक्षा कितीतरी बारीक असतात, मूळ शिरणार नाही अशा फटींत घुसतात आणि काही सेंटिमीटर लांबून स्फुरद आणतात. दुसरं टोक मुळाच्या पेशीत. गंमत म्हणजे ती पेशीचं पटल फाडत नाही. पटल तिच्याभोवती दुमडत जातं आणि आत इवल्या झाडासारख्या फांद्या फुटतात. यांना अर्बस्क्यूल म्हणतात. या सीमेवर स्फुरद आत येतं, साखर आणि मेदाम्लं बाहेर जातात. मेदाम्लं तर या बुरशीला स्वतःला बनवताच येत नाहीत! काही दिवसांत अर्बस्क्यूल जिरतो, नवा तयार होतो. 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही हाच संसार सापडतो.

(झाडं या धाग्यांतून ‘गप्पा मारतात’ वगैरे व्हॉट्सॲपवर येतं. 2023 मध्ये तज्ज्ञांनी पुरावे तपासले. जंगलातले पुरावे फार तोकडे निघाले. भरपूर स्फुरद दिलेल्या शेतात पाकिटातली मायकोरायझा ओतणंही बहुधा वायाच, कारण पोट भरलेलं झाड बुरशीला दारात उभं करत नाही.)

नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर हे ओळखून काम केलं. खड्ड्यात साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी), रोपाच्या मुळाशी मायकोरायझा, जोडीला हवेतलं नत्र स्थिर करणारे जिवाणू, रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर.

बुरशी आपसूक आली नसती का? अळिंबीचे बीजाणू वाऱ्यावर उडतात. हिचे त्या मानाने मोठे, जड आणि जमिनीखालीच तयार होणारे. वाऱ्याला ते सहसा सापडत नाहीत.