गोव्यातील मुस्लिम स्त्री आणि पोर्तुगीज कायदा

घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीबद्दलचा शहाबानोचा निकाल १९८५ मध्ये लागला, तोंडी तलाकचा २०१७ मध्ये. दोन्ही वेळा गोव्याच्या समान नागरी कायद्याचा दाखला दिला गेला. हा कायदा इथल्या मुस्लिम स्त्रियांपर्यंत कसा आला, ते मात्र क्वचितच सांगितलं जातं.

१५१० च्या नोव्हेंबरात पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा शहर घेतलं आणि तिथल्या मुसलमानांची कत्तल केली. वाचलेल्या कित्येक बायका-मुलींना बाप्तिस्मा देऊन पोर्तुगीज शिपायांशी त्यांची लग्नं लावली. याला 'मिश्र विवाहांचं धोरण' म्हणतात. ज्यांचे बाप आणि नवरे नुकतेच मारले गेले होते, त्यांच्या संमतीबद्दल बोलायलाच नको. मला हे नाव फार सौम्य वाटतं.

याच सत्तेची १८६७ ची नागरी संहिता १८७० मध्ये गोव्यात लागू झाली. हिंदूंच्या काही रूढी १८८० च्या हुकमाने राखल्या गेल्या. गोव्यातल्या मुसलमानांसाठी तशी वेगळी सोय झाली नाही. त्यामुळे लग्नाची नोंद सरकारदरबारी आली आणि बहुपत्नीत्वाला जागा उरली नाही. वेगळा करार नसेल तर संपत्तीत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा ठरला. मुलीला मुलाइतकाच वारसा मिळाला. शरियतमध्ये मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा असतो, आणि सातव्या शतकात तोही मोठा हक्क होता, हे विसरू नये. १९१० मध्ये कोर्टातून घटस्फोट मिळण्याची वाट खुली झाली. मात्र सामाईक संपत्तीचा कारभार संहितेने नवऱ्याकडेच ठेवला होता. मुस्लिम स्त्रीची कदर करून कुणी हे दिलेलं नव्हतं.

मुंबईत १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम स्त्रिया तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा घेऊन विधानभवनावर गेल्या. त्या जे मागत होत्या, त्यातलं बरंचसं गोव्यात कायद्याच्या पुस्तकात होतंच. १९६१ च्या मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू राहिले आणि भारतातल्या मुसलमानांच्या लग्न-वारशाला शरियत लावणारा १९३७ चा शरियत कायदा इथे लागू झाला नाही. पुढे तो आणावा अशी मागणी झाली, तेव्हा गोव्यातल्याच मुस्लिम स्त्रियांनी विरोध केला. मला या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा भाग वाटतो: परक्या सत्तेकडून आलेला हक्क त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा म्हणून राखला.

वारसाहक्काची जुनी कलमं आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आली आहेत. तो २०१६ च्या अखेरीस अमलात आला. आई-बापांना मृत्युपत्र करूनही मुलांचा राखीव निम्मा हिस्सा दुसऱ्याला देता येत नाही. पण पत्नीचे हक्क लग्नाच्या नोंदणीवर उभे असतात. नुसता निकाह करून सिव्हिल रजिस्ट्रारकडे न गेलेल्या बाईला ते सिद्ध करणं जड जातं. आणि लेकीचा समान वाटा कागदावर असला, तरी भावांसाठी नोटरीपुढे हक्कसोड करून देणाऱ्या बहिणी गोव्यात सर्वच धर्मांत आहेत.