पात्र, अपात्र आणि पेपरातला आकडा: शेतकरी आत्महत्या 'बातमी' कशी झाली

मार्च 1986 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी कुटुंबाने, नवरा-बायको आणि चार मुलं, एकत्र जीव दिला. बातमी आली आणि गेली. नव्वदच्या दशकात पण तेच, आतल्या पानावर सिंगल कॉलम. शेतकरी आत्महत्या हा 'विषय' झाला तो 2005-06 ला, म्हंजे मधे जवळपास वीस वर्षं गेली.

तेव्हा झालं काय, तर कापसाचा ॲडव्हान्स बोनस 2005 ला बंद झाला, भाव पडला, आणि वऱ्हाडातले पेपर रोज मोजायला लागले. एका स्थानिक संघटनेची यादी असायची, पेपरवाल्यांची स्वतःची असायची, आणि सकाळी लोक आकडा बघायचे, अक्षरशः मॅचचा स्कोअर बघतात तसा (हे लिहितानाही कसंतरी होतं, पण तसंच होतं). आकडा पहिल्या पानावर गेला तसा विधानसभेत गेला, मग दिल्लीत. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात, सहा जिल्ह्यांना 3,750 कोटींचं पॅकेज. त्याच वर्षी मुंबईतल्या फॅशन वीकला पाचशेच्या वर पत्रकार होते आणि विदर्भात मुक्काम टाकलेले बाहेरचे पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, असं एक ज्येष्ठ पत्रकार नंतर भाषणांतून सांगायचे. रॅम्पवर कपडे होते कॉटनचे.

मीडिया विषय ठरवतो हे सगळ्यांना माहीतच आहे. पण विषय ठरल्यावर त्यातले शब्द कोण ठरवतं? इथे सगळा घोळ एका शब्दाचा आहे: 'पात्र'.

23 जानेवारी 2006 च्या जीआरप्रमाणे वारसाला एक लाख मिळणार, त्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. आणि ही रक्कम पुढे वर्षानुवर्षं तेवढीच राहिली. पण आधी जिल्हा समिती ठरवणार की आत्महत्या पात्र का अपात्र. घरात कुणाच्या तरी नावावर सातबारा पाहिजे, कर्ज बँकेचं, सोसायटीचं नाहीतर लायसनवाल्या सावकाराचं पाहिजे, ते थकलेलं पाहिजे आणि जीव त्याच कारणाने दिलेला पाहिजे. आता ज्याने दुसऱ्याचं वावर मक्त्याने केलं त्याचा सातबारा कुठून आणायचा? कृषी केंद्रातली बियाण्याची उधारी, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, गावातला बिनलायसनचा सावकार, यातलं काहीच कर्ज म्हणून धरत नाहीत. पंचनाम्यात कुणी 'दारू प्यायचा' म्हणालं की फाइल बंद.

मुळात पात्र म्हंजे मदतीला पात्र, एवढाच सरकारी अर्थ. पेपरात येता येता तो 'खरी शेतकरी आत्महत्या' असा झाला आणि अपात्र म्हंजे खोटी, हे माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान. एकाच जिल्ह्याचे दोन आकडे, विरोधक मोठा घेणार, सरकार छोटा, चॅनलवर तासभर भांडण आकड्यावर, आणि कापसाचा भाव, सिंचन, पीककर्ज हे सगळं ब्रेकनंतर, म्हंजे कधीच नाही.

देशाच्या आकड्यांचंही तेच झालं. 2013 ला नोंद 11,772. 2014 पासून शेतमजूर वेगळे काढले, तर शेतकरी 5,650 आणि मजूर 6,710. बेरीज केली तर वाढच दिसते, पण हेडिंगं काय आली? आत्महत्या निम्म्यावर.

टीव्हीचं गणित तर आणखी सोपं. रेटिंगचे मीटर 2015 पर्यंत खेड्यात नव्हतेच, मग कापूसवाल्या गावाने काय पाहिलं याचा हिशोब कोण कशाला ठेवेल.

2008 च्या कर्जमाफीत दोन हेक्टरची अट होती, कोरडवाहू विदर्भात तेवढ्याच्या वर जमीन असलेले कितीतरी, त्यांना नुसती सूट. हा मुद्दा इकडच्या पेपरांत गाजला, दिल्लीत फक्त एकूण रक्कम गाजली.

2017 मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. लोकल पानांवर ऑगस्टपासून येत होतं, मुंबईला जाग आली सप्टेंबर संपता संपता. आत्महत्या नाही म्हणून त्या आकड्यात नाही, आणि बरेचसे मजूर. त्याआधी जूनमधला शेतकरी संप मात्र पहिल्याच दिवशी लाइव्ह, कारण रस्त्यावर ओतलेलं दूध कॅमेऱ्यात छान दिसतं. मार्च 2018 चा नाशिक-मुंबई मोर्चाही ठाण्याजवळ येईपर्यंत बऱ्याच चॅनलना दिसला नव्हता, मग सोललेल्या पायांचे फोटो फिरले. चालणारे बरेचसे आदिवासी, मागणी मुख्यतः वनजमिनीच्या पट्ट्यांची, पण स्क्रीनवर पट्टी होती कर्जमाफीची.

आता जिल्हा समितीची बैठक झाली की चार ओळींची बातमी येते, इतकी प्रकरणं आली, इतकी पात्र, इतकी अपात्र, इतकी फेरचौकशीला. हेडिंगमध्ये बहुतेक वेळा पात्रचाच आकडा असतो.