पायची शिस्त आणि शून्याची पिछाडी

पायच्या (π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ३.१४१५९...) अंकांत तुमची जन्मतारीख, मोबाइल नंबर, सगळं कुठे ना कुठे आहेच, असं छातीठोकपणे सांगणारे संदेश फिरत असतात. असेलही. पण ते आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही.

दशांश चिन्हानंतर ० ते ९ हे सगळे अंक सारख्याच प्रमाणात, ०० ते ९९ या जोड्याही सारख्याच, आणि कितीही लांबीचे अंकसमूह घेतले तरी हाच हिशेब, अशा संख्येला नॉर्मल संख्या म्हणतात. पाय अशी असेल, तर त्या संदेशांतलं म्हणणं खरं ठरेल. नुसते अंक समसमान असून भागत नाही. ०.०१२३४५६७८९०१२३४५६७८९... यात ते आहेत, पण ११ ही जोडी कधीच येत नाही.

एमिल बोरेल या फ्रेंच गणितज्ञाने १९०९ मध्ये दाखवलं की जवळजवळ सगळ्याच वास्तव संख्या नॉर्मल असतात. मात्र एखादी दाखवा म्हटलं की पंचाईत होते. १९३३ मध्ये केंब्रिजचा विद्यार्थी डेव्हिड चँपरनाउन याने नैसर्गिक संख्या ओळीने लिहून काढल्या, ०.१२३४५६७८९१०१११२१३..., आणि ही संख्या नॉर्मल असल्याचं सिद्ध केलं. गंमत अशी की ती तशी दिसत मात्र नाही. १ ते ९९ लिहिताना बाकीचा प्रत्येक अंक २० वेळा येतो, शून्य फक्त ९ वेळा. कारण संख्येची सुरुवात शून्याने होत नाही. ९९९ पर्यंत इतर अंक ३०० वेळा, शून्य १८९ वेळा. पार ९९,९९,९९९ पर्यंत गेलं तरी शून्य इतरांच्या ८४ टक्क्यांवरच रेंगाळतं. ही पिछाडी भरून निघते, पण अनंताच्या वाटेवर.

उलट पाय बघा. पहिल्या दहा लाख दशांश अंकांत सर्वांत जास्त वेळा येणारा ५ हा १,००,३५९ वेळा, सर्वांत कमी येणारा ६ हा ९९,५४८ वेळा. इतकी शिस्त, तरी पाय नॉर्मल असल्याची सिद्धता नाही. वर्गमूळ दोनची नाही, ई-ची (e, २.७१८२...) नाही. आपण शाळेपासून ओळखतो त्यांपैकी एकीचीही नाही.

०१२३४५६७८९ हा क्रम पायमध्ये येतो का, हे कधीच कळणार नाही असं एकेकाळी वाटे. १९९७ मध्ये यासुमासा कानादा यांच्या जपानी संगणकाने तो शोधला, १,७०० कोटी अंकांच्याही पलीकडे. पण असे कितीही शोध लागले तरी पुढचे अंक बांधले जात नाहीत. कुठल्याशा टप्प्यानंतर पायमध्ये ७ येणंच बंद होईल, ही शक्यताही अजून खोडता आलेली नाही. पाय अपरिमेय आहे, म्हणजे तिचे अंक संपतही नाहीत आणि एकच गट सतत गिरवतही नाहीत, म्हणून किमान दोन अंक अनंत वेळा येतातच, एवढं नक्की. ते दोन कोणते, ते कुणालाच ठाऊक नाही.