भीती पुसली का जात नाही?

कोथरूडमधील एका स्नेह्यांच्या घरी गणपतीच्या आरतीच्या वेळी कानावर पडलेले बोलणे या लेखाचे निमित्त आहे. त्या घरातील मुलीला वयाच्या नवव्या वर्षी तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला होता. अडीच वर्षांचे उपचार संपून आता तीन वर्षे लोटली आहेत आणि ती दहावीत आहे. नडगीवर निळसर डाग दिसल्यामुळे ती खोलीतून बाहेर येईना. "परत आला असेल तर?" असे ती म्हणताच आजीने "शुभ बोल गं" म्हणून तिला गप्प केले, आणि एक काकू म्हणाल्या, "बरी झालीस ना, मग आता कसली भीती?"

दोघींच्या बोलण्यात माया होती आणि समजूत एकच होती, की आजार गेला म्हणजे भीतीनेही जायला हवे.

वास्तविक ही भीती निराधार नसते. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांचा आजार औषधाने तात्पुरता हटतो हे दाखवले. आज प्रगत देशांत या आजाराची सुमारे ९० टक्के मुले पाच वर्षांहून अधिक जगतात, आणि त्या यशात आपल्या कुंडीतल्या सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनचाही वाटा आहे. तरीही काही मुलांमध्ये आजार उलटतो, बहुधा पहिल्या काही वर्षांतच. नडगीवरचा डाग हे या मुलीच्या आजाराचे पहिले लक्षण होते. तिच्या मेंदूने जे शिकायचे तेच शिकले आहे.

हे शिकणे कसे घडते, हा मला या विषयातला सर्वांत विलक्षण भाग वाटतो. घंटेच्या आवाजानेच लाळ गाळू लागणारा पावलॉव्हचा कुत्रा शाळेत सर्वांना भेटलेला असतो; माणसांतही तसेच घडते. १९७८ मध्ये अमेरिकेत इलीन बर्नस्टीन यांनी कीमो घेणाऱ्या मुलांना उपचाराआधी एका अनोळखी स्वादाचे आइस्क्रीम दिले. पुढे यांतील बऱ्याच मुलांना तो स्वाद नकोसा झाला. मळमळ औषधाने होते, हे ठाऊक असूनही असे घडले, यातच मर्म आहे. मेंदूतील अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याच्या खुणांची नोंद ठेवतो, आणि ती नोंद युक्तिवादाने खोडता येत नाही.

मग भीती ओसरते कशी? खूण वारंवार समोर येऊनही संकट येत नाही, तेव्हा प्रतिसाद मंदावतो. याला विलोपन म्हणतात. हे नाव मात्र फसवे आहे, कारण येथे काहीच लोप पावत नाही. जुनी नोंद तशीच राहते आणि 'ही खूण आता सुरक्षित आहे' अशी दुसरी, नवी नोंद तिच्यावर दाब ठेवते. हा दाब कपाळामागील प्रीफ्रंटल भागाकडून येतो, आणि कोणत्या ठिकाणी कोणती नोंद लागू करायची याचा संदर्भ हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा आणखी एक भाग पुरवतो. नवी नोंद जिथे घडली त्या जागेशी बांधलेली असते. जुनी मात्र कुठेही डोके वर काढते. म्हणूनच पुण्यात महिनोन् महिने निर्धास्त असलेले मूल तपासणीसाठी सिंहगड एक्स्प्रेसने दादरला उतरून परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात शिरते, तेव्हा केवळ स्पिरिटच्या वासाने त्याच्या पोटात गोळा येतो. त्यात किशोरवयात हे विलोपन लहान मुलांपेक्षा आणि प्रौढांपेक्षाही कमी प्रमाणात होते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उंदीर आणि माणूस या दोहोंवरील प्रयोगांत आढळले.

दृष्ट काढणे आणि गंडेदोरे यांचा येथे उपयोग नाही, हे वेगळे सांगायला नको. परंतु 'सकारात्मक विचार ठेवा, आजार परतणार नाही' हा सुशिक्षितांचा मंत्र मला अधिक निर्दय वाटतो, कारण त्यामुळे घाबरलेल्या मुलाला आपल्या घाबरण्यानेच आजार ओढवेल असे वाटू लागते. भीतीमुळे कर्करोग उलटतो, याला पुरावा नाही.

गाठ तर नाही ना म्हणून मान चाचपून पाहणे, आईला दहा वेळा विचारणे, आईने दहा वेळा 'काही नाही गं' म्हणणे, यांनी घटकाभर बरे वाटते आणि त्या बरे वाटण्यानेच ही सवय पक्की होते. त्याऐवजी कोणते लक्षण किती दिवस टिकले तर फोन करायचा, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन बाकीच्या वेळी चाचपणे लांबवायचे, असा मार्ग मानसोपचारतज्ज्ञ सुचवतात. ऑस्ट्रेलियात प्रौढ रुग्णांसाठी तयार झालेल्या आणि लक्ष वळवण्याच्या सरावावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीने नुसत्या शिथिलीकरणापेक्षा ही भीती अधिक कमी झाल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. मुलांसाठी ती वयानुरूप बदलावी लागेल. बरे झालेल्यांचा सहवासही मोलाचा असतो. टाटा रुग्णालयात १९९१ पासून उपचार संपलेल्या मुलांसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे, आणि २००९ मध्ये अशाच बऱ्या झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट सुरू झाला.

एक अडचण मात्र राहते. पालीची भीती घालवताना 'पाल काही करणार नाही' हे दाखवून देता येते. येथे 'आजार परतणार नाही' अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. म्हणून पडताळायचे भाकीत बदलावे लागते. तपासणीच्या आदल्या रात्री मुलीने वहीत लिहायचे ते 'रिपोर्ट वाईट येईल' हे नव्हे, तर 'रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस मला सहन होणार नाहीत' हे. आणि ते दोन दिवस क्लासला जाऊन, जेवून, मैत्रिणीशी भांडून सरले, की त्याच पानावर तसे नोंदवायचे.