मुदत संपलेले सागरी फ्लेअर जमा करायचे आहेत? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

फ्लेअर म्हणजे समुद्रात संकटात मदत मागण्यासाठी पेटवायची, उजेड किंवा धूर देणारी नळी. मुदत संपली म्हणून तिच्यातली स्फोटक दारू मरत नाही, ती फक्त बेभरवशाची होते. त्यामुळे जुना फ्लेअर हा कचरा नसून स्फोटक माल आहे आणि नियमही त्याला तसेच वागवतात. बहुतेक अर्ज परत येतात ते ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने.

अर्ज बोटीच्या मालकाने किंवा जहाजाच्या कप्तानाने करायचा. एजंट जाणार असेल तर लेखी अधिकारपत्र हवे. किनाऱ्यावर सापडलेल्या फ्लेअरसाठी अर्ज नसतो. तो उचलू नका, लांब राहून तटरक्षक दलाला किंवा पोलिसांना कळवा. जुना माल कुठे तटरक्षक दल घेते, कुठे बंदर प्रशासन, कुठे स्फोटकांचे खाते, तर कुठे विकणारा पुरवठादारच. म्हणून आधी फोन करा. फ्लेअर पिशवीत घालून थेट खिडकीवर जाणाऱ्याला परत पाठवतात आणि तो स्फोटक माल रस्त्याने दुसऱ्यांदा फिरतो.

ओळखपत्र आणि बोटीच्या नोंदणीची प्रत सगळे जोडतात. अडते ती फ्लेअरची यादी. प्रकार, उत्पादक, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, मुदतीचा महिना, नग आणि यूएन क्रमांक (धोकादायक मालाला दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक) असे सगळे रकाने भरावे लागतात. यूएन क्रमांक बाहेरच्या खोक्यावर असतो आणि ते खोके खरेदीच्या दिवशीच फेकलेले असते. रॉकेट पॅराशूट फ्लेअर (उंच जाऊन पॅराशूटला लटकत जळणारे) बऱ्याचदा यूएन ०१९५, स्फोटकांच्या वर्ग १.३जी मध्ये येतात. पण उत्पादन आणि वेष्टनानुसार हे बदलते, म्हणून अंदाजाने आकडा टाकू नका. उत्पादकाकडून सुरक्षा माहितीपत्रक मागवा आणि त्याची प्रत जोडा. बॅच क्रमांक पुसला असेल तर ‘वाचता येत नाही’ असे स्पष्ट लिहून नळीचा फोटो लावा. कोरा रकाना दिसला की अर्ज परत करणाऱ्या कार्यालयांचा खरोखर राग येतो. खाऱ्या हवेत काही वर्षे काढलेल्या नळीवरची शाई टिकणार कशी?

तारखांचा घोळ तर नेहमीचा. नळीवर उत्पादनाची आणि मुदतीची अशा दोन तारखा असतात. आयुष्य साधारण ३ वर्षांचे, आणि ते मोजायचे उत्पादनापासून, खरेदीपासून नव्हे. दुकानात पडून राहिलेले महिनेही त्यातच गेले.

सोलास (समुद्रावरील जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) लागू असलेल्या मालवाहू जहाजांवर आणखी एक चूक होते. ब्रिजजवळचे (जहाज चालवण्याच्या कक्षाजवळचे) १२ रॉकेट फ्लेअर बदलतात आणि लाइफबोटीतले विसरतात. प्रत्येक लाइफबोटीत ४ रॉकेट, ६ हँड फ्लेअर (हातात धरायचे) आणि २ धुराचे सिग्नल असतात. लाइफराफ्टमधले (फुगवता येणाऱ्या जीवरक्षक तराफ्यातले) राफ्टच्या सर्व्हिसिंगच्या वेळी बदलले जातात. त्याचे कागद सर्व्हिस स्टेशनकडून मागून घ्या. वार्षिक सर्वेक्षणाला (जहाजाच्या सुरक्षा तपासणीला) ठरलेल्या तारखेच्या आधी आणि नंतर ३-३ महिने मिळतात, पण ही सवलत सर्वेक्षणाची आहे, फ्लेअरच्या मुदतीची नाही. इथे भलेभले फसतात.

नेण्याबद्दल कळकळीने सांगते: बस, रेल्वे, विमान नको आणि ‘सुटे भाग’ लिहून कुरिअर तर अजिबात नको. वाहतूक कोणी आणि कशी करायची हे कार्यालयाकडून लेखी घ्या. नळ्या मूळ डब्यातच राहू द्या. फुगलेली, गंजलेली किंवा टोपण निघालेली नळी हलवूच नका. ती कळवा आणि पुढच्या सूचनेची वाट पाहा.

वैतागून लोक फ्लेअर बादलीत बुडवून ठेवतात. पण मान्यताप्राप्त हँड फ्लेअर १०० मिलिमीटर पाण्याखाली १० सेकंद राहूनही जळत राहील असाच बनवलेला असतो, त्यामुळे भिजवला म्हणजे निकामी झाला असे समजू नका. समुद्रात टाकणे, जाळणे, सणाला उडवणे हेही नको. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संकट नसताना हा सिग्नल वापरायला मनाई आहे. लाल उजेड दिसला की कुणीतरी जीव धोक्यात घालून शोधायला निघते.

नवे फ्लेअर कोरड्या, पाणी न शिरणाऱ्या डब्यात, इंजिन आणि इंधनापासून दूर, पण चटकन हाती येतील असे ठेवा. पेटवण्याची पद्धत उत्पादकागणिक वेगळी असते, तेव्हा सूचना दिवसाउजेडी वाचून घ्या. रॉकेट ३०० मीटर उंच जाऊन किमान ४० सेकंद जळते, म्हणून पाहणारे कुणी असण्याची शक्यता असेल तेव्हाच सोडा. हँड फ्लेअर मिनिटभर जळतो. तो वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, हात बोटीबाहेर लांब करून धरा आणि त्याच्याकडे पाहू नका.

जमा केल्यावर नग आणि बॅच क्रमांक लिहिलेली पोचपावती घेतल्याशिवाय निघू नका. सर्वेक्षक तीच मागतो. नवे बोटीवर चढल्यावरच जुने उतरवा. जमा करण्याची तारीख मिळायला उशीर होत असेल तर जुने वेगळ्या डब्यात, वर ‘मुदत संपली’ असे ठळक लिहून ठेवा, म्हणजे अंधारात घाईने चुकीची नळी हाती येणार नाही.