शल्यचिकित्सा विभागातील विद्यार्थी-संशोधन

शल्यचिकित्सा विभागातील विद्यार्थी-संशोधन : पदवी मिळण्याआधी वैद्यकीय विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी विभागात, तेथील अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली केलेले संशोधन. एम.एस.च्या, म्हणजे शल्यचिकित्सेतील पदव्युत्तर पदवीच्या, विद्यार्थ्याला लिहावा लागणारा प्रबंध यात धरत नाहीत. तो अभ्यासक्रमाचाच सक्तीचा भाग असतो. इथे विचार आहे तो एमबीबीएसच्या किंवा परदेशांतील तशाच पदवीच्या विद्यार्थ्याचा. त्याला शस्त्रक्रिया करता येत नाही आणि औषध लिहून देण्याचा अधिकारही नसतो. पण रेसिडेंटला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत विभागात काम करणाऱ्या डॉक्टरला, जी गोष्ट कधीच पुरत नाही ती त्याच्यापाशी असते : एका रुग्णापाशी बसून त्याची पूर्ण हकीकत ऐकायला लागणारा वेळ. या विषयातले विद्यार्थ्यांचे उत्तम काम बहुतेक वेळा या वेळातूनच झाले आहे. ऑपरेशन थिएटरात शिरायला मिळणे म्हणजेच संशोधनाची संधी, असा नव्या विद्यार्थ्यांचा समज असतो. प्रत्यक्षात रुग्ण थिएटरातून बाहेर आल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे नेटाने नोंदवण्यात ही संधी अधिक असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे. १८९०च्या दशकात बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात ईथरची भूल देण्याचे काम हार्वर्डच्या विद्यार्थ्यांवर सोपवले जाई. त्यासाठी वेगळे शिक्षण जवळजवळ नव्हतेच. १८९३ मध्ये हार्वे कुशिंग या विद्यार्थ्याने भूल दिलेला एक रुग्ण शस्त्रक्रिया चालू असतानाच दगावला. कुशिंग यांना त्याचा इतका धक्का बसला की वैद्यक सोडून द्यावे असे त्यांच्या मनात आले. ते सोडले नाही. भूल कोण अधिक चांगली देतो यावर त्यांची आणि वर्गमित्र अर्नेस्ट ॲमरी कॉडमन यांची जेवणाची पैज लागली होती. १८९४ मध्ये या दोघांनी भूल देताना दर काही मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजून कागदावर मांडायला सुरुवात केली. भूल देतानाचा पहिला नोंदतक्ता तो हाच. पुढे १९०१ मध्ये कुशिंग इटलीतील पाव्हिया येथे गेले, तिथे त्यांनी रिव्हा-रोची यांचे रक्तदाब मोजण्याचे साधन पाहिले, आणि तक्त्यात रक्तदाबाची भर पडली. आज कोणत्याही तालुक्याच्या गावी सिझेरियन होताना भूलतज्ज्ञ जो कागद भरतो, त्याचे मूळ या दोन विद्यार्थ्यांच्या तक्त्यात आहे.

कॉडमन यांच्या हातून हा धागा सुटला नाही. शल्यचिकित्सक झाल्यावर त्यांनी प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवले. रुग्ण कशासाठी आला, काय केले, पुढे त्याचे काय झाले, आणि गुण आला नसेल तर चूक कोणाची, हे त्यावर लिहिलेले असे. ‘अंतिम परिणाम’ म्हणून ही कल्पना ओळखली जाते. सहकाऱ्यांना ती रुचली नाही. १९११ साली त्यांनी बोस्टनमध्ये स्वतःचे छोटे रुग्णालय काढले आणि पुढच्या पाच वर्षांतल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यात १२३ चुका त्यांनी स्वतःच कबूल केल्या होत्या. एवढे धैर्य आजही विरळा. आज शस्त्रक्रियेच्या गुणवत्तेचे मोजमाप ज्या नोंदवह्यांवर चालते, त्यांच्यामागे हाच विचार आहे.

विद्यार्थ्याच्या कामाचे मोल शल्यचिकित्सेला दुसऱ्या विभागातूनही मिळाले आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला असलेले जेय मॅक्लीन १९१६ मध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारे पदार्थ तपासत होते. यकृतातून काढलेल्या एका अर्काने मात्र रक्त गोठायचे थांबले. त्या वाटेने पुढे हेपारिन हे रक्त गोठू न देणारे औषध हाती आले. त्याच्यावाचून हृदय-फुफ्फुस यंत्रावरची शस्त्रक्रिया कल्पनेतही शक्य नव्हती.

कामाचे प्रकार

सर्वांत जास्त विद्यार्थी सुरुवात करतात ती जुन्या केस पेपरांपासून. रेकॉर्ड रूममधून गेल्या तीन-चार वर्षांतले, समजा, जठराच्या किंवा आतड्याच्या छिद्राचे पेपर काढायचे, ठरवलेल्या रकान्यांत माहिती भरायची आणि त्यातून प्रश्नाचे उत्तर शोधायचे. हे स्वस्त असते आणि सुट्टीत उरकते. अडचण एकच, पण मोठी : जे तेव्हा लिहिलेच गेले नाही ते आता सापडत नाही. दाखल होतानाचा रक्तदाब निम्म्या पेपरांवर नसेल, तर त्यावर बेतलेला निष्कर्षही लंगडाच राहतो. म्हणून प्रश्न ठरवण्याआधी कोणते रकाने भरता येतील याचा मार्गदर्शकाशी बोलून अंदाज घ्यावा आणि मगच प्रस्ताव लिहावा. हा क्रम उलटा करणाऱ्याचे दोन महिने वाया जातात.

दुसरा प्रकार पुढे चालत जाणारा : आज शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मागावर राहायचे. विद्यार्थ्याची खरी जागा इथे आहे. शस्त्रक्रियेच्या जखमेतील जंतुसंसर्गाचे उदाहरण घेऊ. प्रचलित व्याख्येनुसार शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत झालेला संसर्ग यात धरतात. कृत्रिम सांधा किंवा जाळी बसवली असेल अशा काही शस्त्रक्रियांसाठी ही मुदत ९० दिवसांची असते. रुग्ण मात्र पाचव्या-सातव्या दिवशी घरी जातो. जखम चिघळते ती घरी, आणि डिस्चार्ज कार्डावर ‘जखम निरोगी’ असेच राहते. वॉर्डातल्या नोंदींवर विसंबणाऱ्या विभागाला आपले संसर्गाचे प्रमाण नेहमीच कमी दिसते.

तिसाव्या दिवशी कोणी फोन केला तरच खरे कळते. मुंबई-पुण्याच्या सरकारी रुग्णालयात हे वाटते तितके सोपे नाही. पेपरवर लिहिलेला नंबर पुतण्याचा असतो आणि रुग्ण गावी परतलेला असतो. फोन उचललाच, तर ‘बरं आहे’ एवढेच ऐकू येते. मग ‘टाक्यांतून पाणी येतं का, पू येतो का, कपड्याला डाग लागतो का, गावातल्या डॉक्टरांनी टाका मोकळा केला का’ असे उलगडून विचारावे लागते. समोरच्या आजीशी तिच्या भाषेत, ‘आजी’ म्हणूनच बोलता येणारा विद्यार्थी इथे विभागाच्या फार उपयोगी पडतो. हे कौशल्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण अभ्यासाचा खरेपणा त्यावरच ठरतो.

अशा पाठपुराव्यातून काय हाती लागते, ते ‘ग्लोबलसर्ज’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसते. ६६ देशांतील ३४३ रुग्णालयांमध्ये पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या १२,५३९ रुग्णांकडे ३० दिवस लक्ष ठेवले गेले. मानवी विकास निर्देशांक उच्च असलेल्या देशांत जखमेच्या संसर्गाचे प्रमाण ९.४ टक्के, मध्यम देशांत १४ टक्के, तर निम्न देशांत २३.२ टक्के निघाले. माहिती गोळा करणाऱ्या स्थानिक चमूंत वैद्यकीय विद्यार्थी होते.

गुंतागुंत मोजताना आणखी एक मापपट्टी विद्यार्थ्याला लवकर शिकावी लागते : २००४ मध्ये सुधारून मांडलेली क्लेव्हियन-डिंडो श्रेणी. विशेष उपचार न लागणारा किरकोळ बिघाड म्हणजे पहिली श्रेणी, मृत्यू म्हणजे पाचवी. मधल्या श्रेणी उपचार काय करावा लागला यावर ठरतात. ‘रुग्णाला थोडा त्रास झाला’ या मोघम वाक्याऐवजी आकडा लिहिण्याची सवय तिने लागते.

प्रयोगशाळेतले काम, प्रसिद्ध अभ्यासांचा पद्धतशीर आढावा, टाके शिकवण्याच्या पद्धतींची तुलना, हेही प्रकार आहेत. प्रयोगशाळेला सलग वेळ लागतो; सहा-आठ आठवड्यांत तिथे तंत्र शिकून होते, निष्कर्ष क्वचितच निघतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले मानवी हृदयारोपण केले, त्याआधी त्यांच्या विभागात कुत्र्यांवर प्रयोग चालत आले होते. आता प्राण्यांवरील प्रयोगांना स्वतंत्र समितीची परवानगी लागते.

निरनिराळ्या देशांतील सोय

अमेरिकेत येल विद्यापीठाने १८३९ पासून एम.डी.साठी प्रबंध सक्तीचा ठेवला आहे. ड्यूक विद्यापीठात तिसरे वर्ष बहुतांशी संशोधनाला दिलेले असते. इतरत्र पहिल्या आणि दुसऱ्या वर्षांमधल्या उन्हाळी सुट्टीत सर्जरी विभाग आठ-दहा आठवड्यांसाठी विद्यार्थी घेतात, आणि काही जण एक वर्ष अभ्यासक्रम थांबवून पूर्ण वेळ प्रयोगशाळेत घालवतात. ब्रिटनमध्ये मध्येच एक वर्ष घेऊन स्वतंत्र पदवी करण्याची प्रथा आहे. स्वीडनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीसाठी संशोधन-प्रकल्प करावा लागतो.

अमेरिकेत या संधींमागे चढाओढही आहे. तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण देणे जानेवारी २०२२ पासून बंद झाले. आता फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. साहजिकच निवड करणाऱ्यांची नजर शोधनिबंधांकडे अधिक वळली. मेंदूशल्य किंवा प्लॅस्टिक सर्जरीत जागा मिळवणाऱ्यांच्या अर्जात निबंध, सारांश आणि सादरीकरणे मिळून सरासरी वीसहून अधिक नोंदी दिसतात. विशी-पंचविशीतल्या विद्यार्थ्याला इतके प्रश्न खरोखर पडत असतील, हे मानणे कठीण आहे. संख्येच्या मागे धावताना तयार विदासंचातून (आधीच जमवलेल्या माहितीच्या संग्रहातून) घाईने काढलेले निबंध वाढतात आणि रुग्ण एकदाही न भेटता ‘शल्यसंशोधन’ पूर्ण होते.

भारतात चित्र उलटे आहे. पदव्युत्तर प्रवेश नीट-पीजीच्या क्रमांकावर ठरतो. शोधनिबंधाला तिथे काहीच वजन नाही. त्यामुळे अंतिम वर्षाचा विद्यार्थी संशोधनापेक्षा प्रश्नसंच सोडवण्यात वेळ घालतो, आणि त्याला दोष देता येत नाही. जो तरीही विभागात येऊन बसतो, तो बहुधा कुतूहलाने येतो किंवा परदेशी जाण्याच्या तयारीने.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थीवृत्ती, जिला विद्यार्थी नुसते ‘एसटीएस’ म्हणतात, १९७९ पासून चालू आहे. एमबीबीएस आणि बीडीएसच्या विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातला मार्गदर्शक शोधायचा, दोन महिन्यांत होईल असा प्रस्ताव लिहायचा, आणि तो निवडला गेला तर काम करून अहवाल पाठवायचा. अहवाल मान्य झाल्यावरच प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळते. ही योजना सर्व विषयांसाठी आहे; सर्जरीत तिचा लाभ घ्यायचा तर प्रश्न दोन महिन्यांत मावेल असाच निवडावा लागतो. दुर्मीळ कर्करोगाचे पुरेसे रुग्ण एवढ्या काळात येत नाहीत, हर्निया आणि मधुमेही पायाचे मात्र रोज येतात. २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडायचे विषय, आले, आणि त्यातला एक भाग चालू संशोधन-प्रकल्पात घालवण्याची मुभा मिळाली.

मुंबईपुरते एक उदाहरण मुद्दाम सांगण्याजोगे आहे. २०१३ ते २०१५ या काळात परळचे केईएम आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय, शिवाय दिल्ली आणि कोलकात्यातील एकेक रुग्णालय, अशा चार ठिकाणी अपघातातील सुमारे १६,००० जखमींची माहिती गोळा झाली. नोंद करणारे आठ-आठ तासांच्या पाळीने कॅज्युअल्टीत बसत. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांनी या माहितीवर आपले पदवी-प्रकल्प केले. परळ आणि शीवच्या कॅज्युअल्टीत कोणते प्रश्न दडलेले आहेत, हे तिथल्याच विद्यार्थ्याला अधिक ठाऊक असते. अशा विदासंचांकडे त्याचे लक्ष वेळेवर वेधले जायला हवे.

परवानगी आणि नाव

संस्थेच्या एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय एकही पेपर उघडायचा नसतो. केवळ जुन्या नोंदी पाहायच्या असल्या तरी मंजुरी लागते. रुग्णाच्या संमतीतून सूट द्यायची की नाही, हे कमिटी ठरवते, मार्गदर्शक नव्हे. कमिटीची बैठक रोज होत नाही, म्हणून मेमध्ये काम सुरू करायचे तर प्रस्ताव हिवाळ्यातच तयार हवा. रुग्णांची नावे स्वतःच्या मोबाइलमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ठेवणे हा सर्रास दिसणारा आणि गंभीर दोष आहे. प्रत्येक रुग्णाला क्रमांक द्यावा आणि नावे जुळवणारी यादी विभागात कुलुपात राहावी.

लेखकांच्या यादीत नाव कोणाचे, यावर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत : कामाच्या आखणीत, माहिती मिळवण्यात किंवा विश्लेषणात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पुरे व्हावे लागतात. विभागप्रमुखाचे नाव रिवाज म्हणून घालणे या निकषांत बसत नाही, आणि सहा महिने फोन करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आभारात ढकलणे तर अन्यायच आहे. नावांचा क्रम पहिल्या भेटीत बोलून, लिहून ठेवावा.

ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांनीच उभारलेल्या ‘स्टारसर्ज’ या गटाने यावर वेगळी वाट काढली. अनेक महाविद्यालयांतले विद्यार्थी एकाच आराखड्यानुसार आपापल्या रुग्णालयात माहिती जमवतात आणि निबंध गटाच्या नावाने निघतो. प्रत्येकाचे नाव सहकारी म्हणून नोंदले जाते. हीच रीत करोनाच्या काळात ‘कोविडसर्ज’ या आंतरराष्ट्रीय गटाने वापरली. ११६ देशांतील १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासातून, संसर्गानंतर शक्य असेल तर सात आठवडे शस्त्रक्रिया लांबवावी असा निष्कर्ष २०२१ मध्ये निघाला. त्या प्रकाशनावर हजारो नावे आहेत.