शिंकताना लघवी सुटणं ‘चालायचंच’ नाही

‘बाळंतपणानंतर शिंकताना थोडी लघवी सुटायचीच,’ असं आजही घरोघरी सांगतात. माझ्या मावशीने वर्षानुवर्षं शिंक आली की मांडीवर मांडी आवळली, लग्नकार्याला जाताना पिशवीत घडीचं फडकं ठेवलं. बोलली कुणाशीच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्रास पुष्कळ जणींना होतो, पण तो बरा होऊ शकतो. नऊ महिने भार पेलून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावतात, म्हणून सिझेरियननंतरही तो होतो. पोट बांधून ते स्नायू बळकट होत नाहीत. वायू अडवताना आवळतो तसे ते आत-वर ओढायचे, श्वास न रोखता, मग पूर्ण सैल सोडायचे. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३दा, निदान ३ महिने. गरोदरपणातच सुरुवात केली तर उत्तम. तरी थांबलं नाही, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.